सशाने घेतलेली परीक्षा

कारवानी कुत्र्याच्या अंगावर चरबी शोधूनही सापडत नाही. शेवटच्या बरगड्या मोजता येतात, कमरेवरची दोन हाडं कातड्याखालून वर आलेली दिसतात, पोट आत ओढलेलं, छाती मात्र खोल, कोपरापर्यंत उतरलेली. भोकरदनच्या बाजारात एखादा नवखा माणूस बघतो आणि हमखास विचारतो, "याला खायला घालीत नाहीत का?" घालतात. ज्या कारवानीची हाडं दिसेनाशी झाली ते कुत्रं बिघडलं, असंच जाणता माणूस समजतो. हा देह धावण्यासाठी घडला आहे. घोडा भरधाव सुटला की एका झेपेत एकदाच त्याचे चारी पाय जमीन सोडतात. कारवानीचे दोनदा सोडतात. एकदा अंग पुरतं ताणलेलं असताना, आणि एकदा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन अंग दुमडलेलं असताना. रब्बीची ज्वारी निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शिवारात ही धाव एकदा ज्याने पाहिली, त्याला मग दुसरं कुत्रं डोळ्यात भरत नाही. माझं तसंच झालं.

हे कुत्रं मराठवाड्याचं आणि उत्तर कर्नाटकाचं. आमच्याकडे कारवानी, लांब मऊ केसांचं असेल तर पश्मी, आणि घटप्रभेच्या काठी गेलं की मुधोळ. तिकडे संस्थानी आश्रय मिळाला. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या रक्ताची जोपासना केली, आता तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळची देशी जात म्हणून नोंद केली. जालन्याकडच्या कारवानीला असा राजा भेटला नाही. ती शेतातल्या आखाड्यावर राहिली, तांड्यावर राहिली, धनगराच्या वाड्यामागे चालली. तिची वंशावळ माणसांच्या डोक्यात होती. ती माणसं गेली तशी वंशावळही गेली.

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, अशा डोक्यांपैकी एक. कोणती कुत्री कोणत्या गावची, तिची आई कुणाच्या आखाड्यावर व्याली, तिच्या पिल्लांपैकी कोणतं कुठं गेलं, हे त्यांना नात्यागोत्यासारखं तोंडपाठ होतं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "नाना, तुम्ही कसं ठरवायचे, कोणत्या कुत्र्याची पिल्लं ठेवायची?" ते म्हणाले, "मी कशाला ठरवू? ससा ठरवायचा."

त्या उत्तराचा अर्थ पुरता कळायला मला स्वतः कुत्री सांभाळावी लागली. माळावरचा ससा सरळ पळत नाही. कान पाठीला चिकटवून सुटतो, कुत्रं अंगावर आलं की जागच्या जागी वळतो, हुलकावणी देतो, बोरीच्या जाळीतून आरपार निघतो, बांधाच्या आडोशाने उलटा येतो. नुसतं वेगवान कुत्रं त्याच्या पुढे निघून जातं आणि मातीत लोळतं. म्हणून कुत्री जोडीने सोडायची. एक नेटाने रेटणारं, दुसरं वळण ओळखून आडवं येणारं. या खेळात ज्याचे पंजे पसरट त्याचे तळवे फाटायचे. ज्याचा खांदा सरळ ते वळताना पडायचं. ज्याची छाती उथळ ते दुसऱ्या धावेला बसून घ्यायचं. ज्याला नजर होती पण जिद्द नव्हती, ते अर्ध्यातून परत यायचं. आणि जे हातातल्या शिकारीवर मालकाला गुरगुरायचं, त्याचं पिल्लू कुणी मागत नव्हतं. रंग कुणी विचारत नसे. उंची कुणी मोजत नसे. शेकडो वर्षं या कुत्र्याची पैदास अशी एका सशाने घेतलेल्या परीक्षेवर चालली. त्या परीक्षेत कुणाचा वशिला चालत नव्हता.

जुन्या काळाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. परीक्षेत नापास झालेल्या कुत्र्याचं काय व्हायचं, हे नाना सांगताना गप्प होत. वेतातल्या माद्या नकोशा असत. दोन नर ठेवायचे आणि बाकीचं नदीकाठी सोडायचं, ही सर्रास रीत होती. सशाचा जीव जायचा तो वेगळाच. त्या परीक्षेची किंमत कुत्र्याने आणि सशाने चुकवली, माणसाने नाही.

मग बहात्तर साल आलं. आमच्या भागात बहात्तर म्हटलं की दुष्काळ. दुधना, कुंडलिका कोरड्या, माणसं खडी फोडायला रोजगार हमीवर, जेवायला मिलोची लाल भाकरी आणि पोरांना सुकडी. जिथे बैल दावणीला मेले तिथे कुत्र्याला भाकरी कोण घालणार? कितीतरी घरांतून कारवानी त्या दोन वर्षांत संपलं. कुणी सोडून दिलं, कुणी देऊन टाकलं, कुणाचं उपासाने गेलं. नानांनी एक कुत्री जगवली, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून. आज माझ्याकडे आहेत ती तिच्याच वंशातली.

त्याच १९७२ साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आमच्या गावात त्याची खबर कधी पोहोचली कोण जाणे, त्या वर्षी बातमी एकच होती, पावसाची. पण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली फटही बुजली. आता शिकार म्हणजे मारणंच नव्हे. हाकारणं, पाठलाग करणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्नही शिकारीतच धरला जातो. ससा असो की काळवीट, त्याच्यामागे कुत्रं सोडणं गुन्हा आहे. आणि तो असायलाच हवा, हे मी कारवानी पाळणारा माणूस म्हणून सांगतो. नानांच्या तरुणपणी जिथे मैल न् मैल माळ होता, तिथे आता मोसंबीच्या बागा, सोयाबीन, समृद्धी महामार्ग आणि तारेची कुंपणं आहेत. उरलेल्या गायरानाच्या तुकड्यात जो ससा जगतो, तो आपल्या हौसेसाठी नाही.

तरी रात्री जीपला दिवे लावून, दोन-चार कुत्री घेऊन माळावर जाणारे आहेत. व्हिडिओ काढून मिरवणारेही आहेत. त्यांना परंपरा हा शब्द तोंडी फार लागतो. नानांच्या परंपरेत दिव्याने आंधळ्या केलेल्या सशावर कुत्रं सोडणाऱ्याला पंगतीत बसू दिलं नसतं.

प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मला रोज सतावतो. परीक्षक गेला, पण ज्याची परीक्षा व्हायची ते कुत्रं अजून आहे. मग आता पैदाशीसाठी कुत्रं कशावर निवडायचं? ही जागा रिकामी राहिली नाही. ती बाजाराने घेतली. आता फोनवर फोटो येतो. पांढरंशुभ्र पाहिजे, डोळे घारे पाहिजेत, उंची पाहिजे. उंची वाढवायची म्हणून आणि शर्यतीत सरळ रेषेत वेग मिळावा म्हणून ग्रेहाउंडचा नर लावतात, आणि पिल्लं शुद्ध कारवानी म्हणून विकतात. ग्रेहाउंड हे उत्तम कुत्रं आहे, त्याच्या थंड मुलखात, सपाट मैदानावर. आमच्या मे महिन्यात, भेगाळलेल्या काळ्या रानात त्याची कातडी आणि त्याचे तळवे टिकत नाहीत. संकर झालेल्या पिल्लात दोन्हीकडचं चांगलंच उतरतं असं नाही. आणि एकदा का ते रक्त मिसळलं, की नानांच्या पिढीने जपलेलं वेगळं काढता येत नाही.

कुत्र्याच्या मानाच्या जुन्या खुणा मात्र आमच्या मुलखात दूरवर आहेत. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये कुत्र्यांचा स्वतंत्र सारमेयविनोद आहे. त्याहून मला जवळचा वाटतो तो आतकूरचा शिलालेख. दहाव्या शतकातला, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा. गंग राजा बूतुगाकडून मिळालेली काळी नावाची कुत्री एका रानडुकराशी भिडली, दोघंही मेली, आणि तिच्यासाठी दगड उभा केला गेला. माणसांच्या लढाईची हकीकत आणि कुत्रीची हकीकत एकाच दगडावर. आमचा खंडोबाही कुत्र्याशिवाय पुरा होत नाही, घोड्याच्या पायाशी ते असतंच.

पण कुत्रं कशावर निवडायचं याचं उत्तर मला मिळालं ते फार लांबच्या एका माणसाकडून. दुसऱ्या शतकात निकोमीडियाच्या आरियनने, तोच अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहासकार, धावत्या शिकारी कुत्र्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याने सांगितलंय की खरा शौकीन ससा मारण्यासाठी कुत्रं नेत नाही, चुरस बघायला नेतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंद होतो. त्याच पुस्तकात तो स्वतःच्या होर्मे नावाच्या कुत्रीविषयी ज्या मायेने लिहितो, ती वाचताना मला नाना आठवतात. ससा ही चुरशीची अट होती, त्याचं मरण नव्हे. मग सशाच्या वळणांची अट ठेवून ससाच वगळला तर? पश्चिमेकडच्या लोकांनी ते करून पाहिलं आहे. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेत अशा कुत्र्यांची एक मैदानी संघटना स्थापन झाली. मैदानात चकत्या पुरून त्यांतून दोरी नागमोडी फिरवायची, दोरीच्या टोकाला प्लास्टिकची पांढरी पिशवी, आणि ती मोटरने ओढायची. कुत्र्याला पिशवी आणि ससा यांतला फरक कळत नाही असं नाही. त्याला तो महत्त्वाचा वाटत नाही. पळणारी वस्तू वळली पाहिजे, एवढंच त्याला हवं असतं.

तसा दोर मी आमच्या पडीक रानात बसवला आहे. जुन्या गाडीची बॅटरी, भंगारातली मोटर, लोखंडी खुंट्यांवर बसवलेल्या चकत्या. वळणं मी नानांकडून ऐकलेल्या सशाच्या चालीवरून आखली. आता मला दिसतं कोणाचा खांदा मोकळा आहे, कोण दुसऱ्या धावेला मागे राहतं, कोण दोरी चुकवून आडवं येतं. पूर्वीच्या परीक्षेचा सगळा कस इथे लागत नाही, हे खरं. जिद्दीची पारख पिशवीवर तितकी होत नाही. पण पायांची होते, श्वासाची होते, आणि धाव संपल्यावर कुत्रं माणसाकडे कसं परत येतं त्याची तर फार चांगली होते.

परत येणं हीच या जातीची सगळ्यात अवघड शिकवण. बाकी कुत्री वासावर चालतात, कारवानी नजरेवर. क्षितिजावर काही हललं आणि ते सुटलं की कानावर हाक पडत नाही. म्हणून हाक पाठ करून घ्यायची ती पिल्लूपणातच, नजर लांब जायच्या आधी. मी पांदणीत सुरू करतो, दोन्ही बाजूंनी कुपाट असतं, लक्ष फाटायला जागा नसते. आधी लांब दोरी, हाक, आणि आल्यावर प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं तोंडात. आलेल्या कुत्र्याला कधीही मारायचं नाही, मग ते कितीही उशिरा येवो. कारवानी मार विसरत नाही. एकदा हात उगारलेल्या माणसापासून ते आयुष्यभर हातभर लांब उभं राहतं. कडक आवाजही त्याला लागतो. हे कुत्रं भुंकायला कमी, लाजायला जास्त. राखणीला म्हणून घेणाऱ्यांनी दुसरं काही घ्यावं.

पिल्लं दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. तिथून तीन महिन्यांपर्यंतचा काळ सोन्याचा. या काळात त्यांनी शेळ्या, करडं, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज, शाळेतली पोरं, सगळं बघून घेतलं पाहिजे. करडांबरोबर वाढलेलं कारवानी पुढे पळणाऱ्या करडाच्या मागे लागत नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पार्वो आणि डिस्टेंपरच्या लशी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून, तीन महिन्यांनी रेबीजची. लस टोचायची तर शहरात जावं लागतं म्हणून टाळणारे पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्यात पार्वो येऊन अख्खं वेत दोन दिवसांत जातं. खायला ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, अंडी, शिजवलेलं मांस. शिजलेलं हाड नाही. आणि भरल्या पोटी धाव कधीच नाही, खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो आणि काही तासांत खेळ संपतो.

नाना म्हणत, वर्ष झाल्याशिवाय सोडू नये. पशुवैद्यही तेच सांगतात, वाढत्या हाडांची टोकं जुळायला तेवढा वेळ लागतो. सहा महिन्यांच्या पिल्लाला मोटारसायकलमागे पळवणारे लोक त्याचं सगळं पुढचं आयुष्य एका उन्हाळ्यात खर्च करतात. आमच्या काळ्या मातीचं आणखी एक आहे. फेब्रुवारी संपला की रानाला भेगा पडतात, एवढ्या की कुत्र्याचा पाय कोपरापर्यंत जावा. पूर्ण वेगात पाय भेगेत गेला की हाड राहत नाही. म्हणून धावेची जागा आधी पायी चालून बघायची. कुसळी गवत पिकलं की बोटांच्या बेचक्यात आणि कानात कुसळं शिरतात, रोज हात फिरवून काढायची. गोचीड तर बारा महिने. आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगायचं की हे ग्रेहाउंडसारखंच नजरेवर धावणाऱ्या कुळीतलं आहे. अंगावर चरबी नसल्याने आणि यकृताच्या वेगळेपणामुळे भुलीची काही औषधं या कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात.

शेतकरी माझ्याकडे पिल्लू मागायला येतात ते बहुतेक रानडुकरांसाठी. त्यांचं दुःख खरं आहे. एका रात्रीत मक्याचं रान लोळवलेलं मी पाहिलं आहे, रोह्यांनी खुडलेली तूर पाहिली आहे. पण कारवानीची कातडी कागदाइतकी पातळ. डुकराच्या सुळ्यापुढे ती एका झटक्यात उभी फाटते. काळीचा दगड ज्याने उभारला त्यालाही ते माहीत असणार. मी नाही म्हणतो, आणि वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करायला सोबत जातो. त्यांना ते फारसं समाधानाचं वाटत नाही, मलाही नाही.

मोकळं सोडलेलं कुत्रं ही वेगळीच काळजी. आमच्या माळावर अजून लांडगा आहे, खोकड आहे. लस नसलेलं कुत्रं त्यांना डिस्टेंपर आणि रेबीज देऊ शकतं. २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची खात्री जनुकीय तपासणीतून पटली. लांडग्याचं रक्त हजारो वर्षं या दख्खनच्या माळाने सांभाळलं, ते आपल्या निष्काळजीपणाने पातळ व्हावं हे मला सहन होत नाही. माजावर आलेली कुत्री मी तीन आठवडे बंद खोलीत ठेवतो. शेजारी हसतात. हसू देत.

पैदाशीचे नियम सरकारने २०१७ मध्ये केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या मादीचं वेत घेऊ नये, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये. नियम चांगले आहेत, पण ते किमान आहेत. एका वेतानंतर पुढचा माज मी सोडूनच देतो. त्रेसष्ट दिवसांचं गाभणपण आणि पुढे दीड-दोन महिने अंगावर पिणारी पिल्लं, एवढं झाल्यावर कारवानी मादीच्या पाठीवरचं उरलंसुरलं मांसही उतरतं. ती भरायला वेळ द्यावा लागतो. शुद्धतेच्या नावाखाली बापाशी लेक, भावाशी बहीण लावणं हे तर सगळ्यात वाईट. वेत लहान होत जातं, पिल्लं नाजूक निघतात. म्हणून मी वही ठेवतो. आई, बाप, आजी, कोणत्या गावची, कशाने मेली. कुणाकडे पिल्लू गेलं आणि आज कसं आहे. जमणार नसेल तर परत आणून द्यायचं, ही एकच अट मी पिल्लू देताना घालतो. आणि ज्याला घेताना फक्त रंग विचारायचा असतो, त्याला देत नाही.

सध्या माझ्या वहीत एक अडचण आहे. माझ्या तरुण कुत्रीला लावायला आसपासच्या तालुक्यांत परका नर उरलेला नाही. जो तो कुठेतरी नानांच्या कुत्रीला येऊन मिळतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी यांच्याबरोबर तिथे कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं, आणि नांदेड, लातूर, बिदरकडून कारवानी घेऊन लोक येतात. तिथे जाईन. कुत्रं उभं असताना नाही, चालताना बघेन. पंजा हातात घेऊन तळवे दाबून बघेन, दात आणि डोळे बघेन. अनोळखी हात अंगाला लागल्यावर ते कसं वागतं ते बघेन. आणि मालकाला विचारेन, याची आई आहे का अजून? असेल तर मग कितीही लांब असो, आधी तिच्या आखाड्यावर जाऊन तिला बघणार, आणि मगच नर लावायचा की नाही ते ठरवणार.